ओडी अक्का

भित्री माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. पालीला घाबरणारी, सासूला घाबरणारी, ऑफिसातल्या वार्षिक मूल्यमापनाला घाबरणारी. पण ही सगळी माणसं आपली भीती चारचौघांत झाकून ठेवतात. ती उघड्यावर घेऊन हिंडणारी बाई मी एकच पाहिली. विजया हळबे. बंगळुरूच्या वेशीवर, औषध आणि रंगकंपन्यांसाठी रसायनं तयार करून देणाऱ्या एका कंपनीत मी नागपूरहून नोकरीला आले, तेव्हा त्या तिथे सुरक्षाप्रमुख होत्या. तोंडावर सगळे त्यांना अक्का म्हणत. नंतर पाठीमागे ओडी अक्काही म्हणू लागले. कानडीत ओडी म्हणजे पळा.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला समोर बसवून विचारलं, "तुला कशाची भीती वाटते?"

मुलाखतीत द्यावं तसं उत्तर मी दिलं. "कशाचीच नाही, मॅडम."

त्यांनी शेजारी बसलेल्या रंगनाथ सरांकडे, म्हणजे आमच्या व्यवस्थापकांकडे पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "हिला एवढ्यात प्रयोगशाळेत सोडू नका." झालं. माझ्या बरोबरीची मुलं काचेपलीकडे ॲप्रन घालून मिरवत होती आणि मी बाहेर सुरक्षेची जाडजूड पुस्तकं चाळत बसले होते. मला त्यांचा भयंकर राग आला. पुढच्या आठवड्यात त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, तेव्हा मी चिडून म्हटलं, "तुमची वाटते." त्या एवढ्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. "सरी," म्हणाल्या, "सुरुवात तरी झाली. जा आत."

अक्कांचं घराणं तीन पिढ्या बंगळुरूतल्याच मल्लेश्वरमला. वडील सरकारी कारखान्यात इंजिनिअर, आजोबाही तसलंच काहीतरी. त्यांच्या मराठीत कानडीतले 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, हे शब्द मीठमोहरीसारखे पडलेले असत. मी नागपुरी थाटात काही बोलले की म्हणत, "तुमचं मराठी झणझणीत गं. आमचं आपलं सपक." दिसायला ठेंगण्या, वेणी घट्ट बांधलेली, पायात बंद बूट आणि ॲप्रनच्या खिशात कपाळाला लावून ताप बघायची ती बंदूक, साथीच्या काळात दारोदारी दिसायची तसली. कारखान्यांत वापरतात ती चांगली मोठी बंदूक त्यांनी अनेकदा मागितली होती, ती काही मंजूर होत नव्हती. मग त्या हीच घेऊन हिंडत. पिंपावर रोखत, भांड्यावर रोखत, एखादा पोरगा मलूल दिसला तर त्याच्या कपाळावरही रोखत.

स्कूटर लावताना तोंड फाटकाकडे. उपाहारगृहात जागा दाराजवळची. लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा आधी मागचं दार कुठे आहे ते बघून मग वधूवरांना भेटायच्या. एकदा कोरमंगलात मी राहायचे त्या पीजीत जेवायला आल्या, तर माझी खोली पाहिलीच नाही. थेट स्वयंपाकघरात जाऊन सिलिंडरची नळी वाकवून बघितली, मालकिणीला कानडीत दोन शब्द सुनावले आणि मगच पानावर बसल्या. मालकिणीने दुसऱ्या दिवशी नळी बदलली आणि मला महिनाभर वाकड्या नजरेने पाहिलं.

एवढी सगळी भीती मुख्यतः एका गोष्टीची होती. कार्बनच्या दोन अणूंमधल्या दुहेरी बंधाची. ज्या संयुगांत तो असतो त्यांना अल्कीन म्हणतात हे आपण सगळे बारावीत शिकतो आणि निकाल लागला की विसरतो. अक्का विसरू देत नसत. नव्या पोरांची तुकडी आली की त्यांचा वर्ग कॉरिडॉरमध्ये भरे.

दोघांना समोरासमोर उभं करायच्या. "एकमेकांचा उजवा हात धरा. आता फिरा गोल." पोरं एका हाताने धरून खुशाल गिरक्या घेत. "हा एकेरी बंध. घट्ट आहे, आणि फिरताही येतं. आता डावा हातही धरा. फिरा." फिरता येईना. दोघं तोंडाला तोंड लावल्यासारखी उभी. "बघितलंत? दुहेरी बंध आला की फिरणं संपलं, सगळं एका पातळीत सपाट. आता दोघांनी खांद्याला पिशव्या अडकवा. दोघांच्या पिशव्या एका बाजूला, तर एक पदार्थ. विरुद्ध बाजूंना, तर दुसरा पदार्थ. हात सोडल्याशिवाय याचा तो होत नाही." मग आवाज खाली येई. "पण हा दुसरा हात आहे ना, तो पहिल्याइतका घट्ट नसतो. पहिला बंध दोन अणूंच्या बरोब्बर मध्ये बसलेला. दुसऱ्याचे इलेक्ट्रॉन वर आणि खाली, उघड्यावर. इलेक्ट्रॉनांचा भुकेला कोणीही येतो आणि हात घालतो."

इथे त्या ब्रोमीनची परीक्षानळी काढायच्या. तांबडंतपकिरी पाणी. त्यात अल्कीनचे थेंब टाकून हलवलं की रंग नाहीसा. "गिळलं," म्हणायच्या. दर वर्षी तेच, आणि दर वर्षी त्यांच्या चेहऱ्यावर तेच कौतुक. भीतीच्या पोटात केवढी माया होती हे मला तेव्हा कळलं. संत्रं सोलताना साल नाकाशी धरून सांगायच्या, हा वास दुहेरी बंधाचा. घरी कच्चे चिकू पिकल्या केळ्यांबरोबर डब्यात ठेवायच्या. केळ्यातून सुटणारं एथिलीन, सगळ्यांत लहान अल्कीन, चिकू पिकवतं म्हणून. "घरातलंच लेकरू आहे," म्हणायच्या, "पण काड्यापेटी हातात असलेलं."

शेवटचा खेळ मात्र कोणी विसरलं नाही. पोरांच्या जोड्या कॉरिडॉरभर उभ्या. प्रत्येक जोडीचे दोन्ही हात धरलेले. अक्का पहिल्या जोडीतल्या एकाचा डावा हात ओढून काढायच्या. "आता तुझा हात मोकळा. तू शेजारच्या जोडीचा एक हात सोडव आणि धर. त्यांचा जो सुटला त्याने पुढच्यांचा धरायचा." क्षणात लांबच लांब साखळी, धक्काबुक्की, हसणं. "हे बहुलकीकरण. प्लास्टिक असंच होतं. आणि दर वेळी सैल हात सुटून घट्ट हात लागतो तेव्हा उष्णता बाहेर पडते. गरम झालं की वेग वाढतो, वेग वाढला की आणखी गरम. आता थांबवा बघू हे." कोणालाच थांबवता येत नसे. मग त्या स्वतः साखळीच्या टोकाशी जात, मोकळा हात आपल्या हातात धरत आणि पुढे कोणालाच धरत नसत. साखळी तिथेच संपे. "अशी माणसं आपण पिंपात आधीच घालून ठेवतो. हात धरून गप्प बसणारी. त्यांना निरोधक म्हणतात. ती आहेत तोवर आपण आहोत."

पोरं हसत जेवायला जात. अक्का कॉरिडॉरमध्ये घाम पुसत उभ्या राहत.

एवढी भीती म्हणजे मागे काहीतरी भयंकर घडलेलं असणार, असं आम्ही धरूनच चाललो होतो. कोणी म्हणे नवरा स्फोटात गेला. (नवरे मल्लेश्वरमला बसून रोज शब्दकोडी सोडवत होते.) शेवटी मीच विचारलं. त्या चहा फुंकत म्हणाल्या, "काहीसुद्धा झालेलं नाही गं. एवढ्या वर्षांत एक अपघात नाही, अर्धा नाही. झाल्यावर घाबरायला कुठे अक्कल लागते?"

मग त्या फुगलेल्या डब्याचं प्रकरण झालं. परदेशी ग्राहक कारखाना बघायला आले होते. रंगनाथ सरांनी नवा कोट घातला होता. आणि अक्कांना मागच्या अंगणात एक डबा फुगलेला दिसला. त्यांनी सरळ भोंगा वाजवला. पाहुणे, आम्ही, रंगनाथ सर, सगळे फाटकाबाहेर शहाळेवाल्याच्या गाडीशी उन्हात उभे. अग्निशमन दल आलं. डबा उन्हाने फुगला होता, आत निरुपद्रवी काहीतरी होतं. शहाळेवाल्याचा धंदा झाला, बाकी कोणाचं भलं झालं नाही. ओडी अक्का हे नाव तेव्हाच पडलं. जिन्यावर पोरं एकमेकांना "ओडी, ओडी" म्हणून चिडवायची. त्या ऐकायच्या आणि जिन्याचा कठडा धरून सावकाश उतरायच्या.

संध्याकाळी रंगनाथ सरांनी त्यांना आत बोलावलं. बाहेर आल्यावर त्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं. "म्हणाले, मॅडम, मला तुमच्याबद्दल आदर आहे. पण पुन्हा असं झालं तर मला तुम्हाला ठेवता येणार नाही." सर वाईट माणूस नव्हते. त्यांच्या डोक्यावरही कोणीतरी बसलेलं होतं. पण मला त्या दिवशी खरोखर धास्ती बसली. आम्ही सगळे हुशार होतो, पदव्यांनी लदलेले होतो, आणि अक्का गेल्या तर आमच्यात घाबरणारं एकही माणूस उरणार नव्हतं.

आमच्यात सगळ्यांत नीटनेटका होता तन्मय. पुण्याचा. त्याच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यासुद्धा पट्टीने मोजून चिकटवलेल्या असत. एके दुपारी आम्ही कॅन्टीनमध्ये बिसी बेळे भात खात होतो आणि तो सहज सांगत होता, "ॲक्रिलिक ॲसिडचा मोठा कॅन आलाय ना, तो मी सेफ्टी म्हणून कोल्ड रूममध्येच ठेवला होता. फुल फ्रीझ झाला यार. मग सकाळी गरम पाण्याच्या टबमध्ये ठेवून अर्धा वितळवला, हवं तेवढं ओतून घेतलं आणि उरलेला परत टबमध्ये ठेवलाय. वरून नायट्रोजनपण दिलाय, प्रॉपर. हवा नको लागायला."

अक्कांचा घास हातातच राहिला. त्यांनी आरडाओरडा केला नाही. "टबचं पाणी किती गरम?" एवढंच विचारलं.

"साठ."

त्या उठल्या. हात धुतला नाही. मी त्यांच्या मागे धावले आणि धावता धावता त्यांनी मला जे सांगितलं ते मी आजही झोपेत म्हणू शकेन. ॲक्रिलिक ॲसिडलाही तोच दुहेरी बंध, तीच साखळीची ओढ. ते गोठतं तेव्हा निरोधक बर्फात शिरत नाही, बाहेरच्या द्रवात राहतो. तन्मयने जे आधी वितळलेलं ओतून घेतलं, त्यातच बहुतेक सगळा निरोधक गेला. कॅनमध्ये उरलं ते उघडंनागडं. त्यातून जो काही थोडा निरोधक राहिला असेल, त्याला काम करायला हवा लागते, आणि हवा तन्मयने नायट्रोजनने हाकलून लावली होती. दुसऱ्या कुठल्याही रसायनाशी जसं काळजीने वागावं तसंच तो वागला होता. गचाळ माणसाच्या हातून ही चूक झालीच नसती.

टब रसायनांच्या कोठारात होता. दारातूनच अक्कांनी बंदूक रोखली. ती माणसाच्या तापाची. आकड्याऐवजी तिच्यावर नुसतं 'हाय' उमटलं, म्हणजे माझ्या मापाबाहेर. रंगनाथ सर मागून आले. "मॅडम, गरम पाण्यात ठेवलेली वस्तू गरमच असणार. अर्धा तास थांबू, पाणी बंद करून बघू."

त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. अक्कांनी टबची वीज बाहेरच्या खटक्यावरून बंद केली. मग रंगनाथ सरांकडे पाहिलं. आपण काय घालवतो आहोत हे अक्कांना नक्की ठाऊक होतं, कारण ओठ पांढरे पडले होते. त्यांनी भोंगा वाजवला.

आमची इमारत रिकामी झाली. पण कोठाराच्या भिंतीला भिंत लागून शिलाईचा कारखाना होता. शेकडो बायका, खाली माना घालून मशीनवर. अक्कांनी फोन केला तर तिथला सुपरवायझर म्हणाला, मागच्या वेळीही तुमचंच होतं ना मॅडम, माल आज जायचाय. मशीनचा घरघराट भिंतीतून ऐकू येत होता आणि थांबत नव्हता.

अक्कांनी भिंतीवरच्या पेटीतून फिनोथायझिनची बाटली काढली. हा निरोधक हवेशिवायही काम करतो. तन्मय पुढे झाला, चेहरा लालबुंद. "अक्का, चूक माझी आहे, मी जातो आत."

"तू घाबरलेला नाहीस," अक्का म्हणाल्या. "तू लाजलायस. लाजलेल्या माणसाचं लक्ष कामावर नसतं. फाटकापाशी जा." मग माझ्याकडे वळल्या. "तू घाबरलीयस ना?"

मी मान हलवली.

"मग तू दार धर. बंद होऊ देऊ नको. मी पडले तर आत यायचं नाही, पळायचं. कळलं?"

त्यांना मुखवट्याचे पट्टे बांधता येत नव्हते, इतके हात कापत होते. मीच बांधले. "अक्का, हात थरथरतायत तुमचे," मी म्हटलं.

"थरथरू दे गं. सांडलं तरी त्यातच सांडणार आहे."

त्या आत गेल्या. मी खांद्याने दार धरून उभी होते. आई आठवली. फोन वाजेल तेव्हा ती उचलेल की बाबा, असला काहीतरी वेडा विचार मनात आला. कॅनचं झाकण उघडताना बारीक फुस्स झालं, तेव्हा मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा अक्का ओतत होत्या. त्या भीतीने रडत होत्या, मुखवट्याच्या काचेतून दिसत होतं. काचेच्या लांब कांडीने सावकाश ढवळत होत्या, पीठ ढवळावं तशा. हवेची नळी आत सोडली. मग पाठ न फिरवता, एकेक पाऊल मागे टाकत दारापर्यंत आल्या. माझा हात धरला आणि म्हणाल्या, "ओडी."

आम्ही पळालो.

फाटकाबाहेर ऊन उतरेपर्यंत सगळे उभे होतो. काही झालं नाही. धूर नाही, आवाज नाही. पोरांनी फोन काढले. कोणीतरी शहाळं मागवलं. शिलाई कारखान्याची पाळी सुटली आणि बायका घोळक्याने बाहेर पडल्या, हातात डब्याच्या पिशव्या, आमच्याकडे बघून हसत. अक्का त्या प्रत्येकीला जाताना बघत होत्या. शेवटची गेल्यावर फुटपाथवर बसल्या आणि ओंजळीत तोंड घालून रडल्या. रंगनाथ सर थोड्या अंतरावर फोनवर कोणालातरी "सॉरी सर, फॉल्स अलार्म सर" म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी बाहेरून एक तज्ज्ञ आले. कॅनच्या तळाशी थोडं दाट, चिकट काहीतरी सापडलं. ते साखळी सुरू झाल्याची खूण असू शकेल, आधीचंही असू शकेल, असं ते म्हणाले. निरोधक घातला नसता तर काय झालं असतं हे आता सांगता येणार नाही. खरंच होतं ते. न झालेल्या गोष्टीचा पुरावा कुठून आणायचा? तन्मयने आपण काय केलं ते वरपर्यंत जाऊन सांगितलं, कुणी फारसं ऐकलं नाही. त्याच महिन्यात अक्कांचा निरोपसमारंभ झाला.

केक होता. रंगनाथ सर बोलायला उभे राहिले. त्यांना काय बोलावं सुचत नव्हतं, म्हणून विनोद केला. "मॅडमनी आपल्याला दोनदा उन्हात उभं केलं. पण एक मान्य करायला हवं, त्यांच्या सगळ्या काळात इथे कधीच काही घडलं नाही." सगळे हसले. अक्काही हसल्या, केकचा तुकडा हातात धरून. तन्मय उठून बाहेर गेला. मला त्या हसण्याची अजून चीड येते.

नवे सुरक्षाप्रमुख आले. तरुण, परदेशात शिकलेले. बघता बघता तीनेक महिने गेले. एक दिवस दुपारी मी चहाला फाटकाबाहेर आले, तर समोरच्या बसस्टॉपवर अक्का. साध्या सुती साडीत, हातात कापडी पिशवी.

"अक्का? इकडे कुठे?"

त्या दचकल्या. "कढीपत्ता घ्यायला गं. इकडे ताजा मिळतो."

मल्लेश्वरमचा अख्खा बाजार जिच्या दाराशी, ती बाई बस बदलत बदलत शहराच्या या टोकाला कढीपत्त्यासाठी आली होती. पिशवी रिकामी होती. त्यांनीच विचारलं, "नवीन माणूस कसा आहे?"

"चांगला आहे. हुशार आहे. शांत असतो अगदी, कशाला घाबरत नाही."

अक्कांनी माझं मनगट धरलं. बोटं गार पडली होती. "अय्यो," एवढंच म्हणाल्या. मनगट न सोडता पुढे बोलल्या, "आत होते तेव्हा स्वल्प बरं होतं गं. भीती वाटली की उठायचं, जाऊन बघून यायचं. आता तुम्ही सगळी आत, आणि मी इथे."

बस आली. त्यांनी ती जाऊ दिली. माझी चहाची सुट्टी संपली होती, म्हणून मी निघाले. फाटकातून वळून पाहिलं तर दुसरी बसही येऊन गेली होती, आणि अक्का आमच्या इमारतीकडे बघत तिथेच उभ्या होत्या.